खोटं नेमकं कशाला म्हणायचं? रोजच्या बोलण्यातला खरेपणा आणि ख्रिस्ती शिकवण

खोटं बोलू नये, हे सांगायला धर्मशास्त्र लागत नाही. लहान मुलालाही ते ठाऊक असतं. आणि दारावर कोणी नकोसं आलं की "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" असं त्याच मुलाला आपणच शिकवतो. नियम सगळ्यांना पाठ आहे. घोळ आहे तो कशाला खोटं म्हणायचं, इथे. समोरच्याचं मन राखायला केलेलं कौतुक, आजारी माणसाला दिलेला धीर, घरातून पाऊलही न टाकता फोनवर सांगितलेलं "पोचतोच आहे", दुसऱ्याचं गुपित झाकायला मारलेली थाप, हे सगळं एकाच मापाने मोजायचं का?

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नावर जवळजवळ दोन हजार वर्षं वाद चालू आहे आणि तो मिटलेला नाही. तरी वाद कुठे आहे आणि कुठे अजिबात नाही, एवढं नीट समजलं तर रोजच्या बोलण्यापुरतं बरंच काही हाती लागतं. त्यासाठी सुरुवात दहा आज्ञांपासून करावी लागते, कारण तिथे एक शब्द आहे ज्यावर पुढचं सगळं उभं आहे.

कोर्टातली आज्ञा

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात आज्ञा येते ती अशी: "तू आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस." कॅथलिक आणि लुथरन मंडळी तिला आठवी म्हणतात, बाकीचे बहुतेक प्रॉटेस्टंट नववी, मोजण्याची पद्धत वेगळी, आज्ञा तीच. नीट वाचलं तर ही आज्ञा साक्षीदाराला उद्देशून आहे. प्राचीन इस्राएलात ना बोटांचे ठसे होते, ना कॅमेरे. एखाद्यावर आरोप आला की त्याचं घर, जमीन, प्रसंगी जीवसुद्धा शेजाऱ्याच्या जिभेवर टांगलेला असे. म्हणून बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, दोन किंवा तीन लागतील, असा दंडक आहे. साक्ष खोटी निघाली तर आरोपीला जी शिक्षा व्हावी असं त्या साक्षीदाराच्या मनात होतं, तीच त्याला द्यायची.

हा कायदा कसा वाकवता येतो, हेही बायबल लपवत नाही. 1 राजे, अध्याय 21. अहाब राजाला त्याच्या वाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. नाबोथ वाडवडिलांची जमीन विकायला नकार देतो. मग राणी ईजबेल पत्रं पाठवते, दोन अधम माणसं उभी करायला लावते, ती माणसं "याने देवाला आणि राजाला शाप दिला" असं सर्वांसमोर सांगतात आणि नाबोथाला दगडमार होतो. साक्षीदार दोन होते, म्हणजे नियम काटेकोर पाळला गेला होता. गोष्ट वाचताना अंगावर येतं ते नेमकं हेच.

आज्ञेतला कळीचा शब्द म्हणजे "शेजारी". माझ्या बोलण्याने त्याचं काय होणार, हा या आज्ञेचा प्रश्न आहे. एकदा हे लक्षात आलं की खरेपणाच्या बाबतीत ख्रिस्ती शिकवण कुठे आपल्या अपेक्षेपेक्षा कडक आहे आणि कुठे सैल, ते उलगडायला लागतं.

कडक कुठे, ते आधी पाहू. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लुथरने 1529 साली घराघरांत शिकवण्यासाठी एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. तिच्यात या आज्ञेचा अर्थ सांगताना तो खोटं बोलू नका एवढ्यावर थांबत नाही. शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याविषयी चांगलं बोला, त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा, असंही तो त्यातच बसवतो. 1640च्या दशकात लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर इथे जमलेल्या धर्मपंडितांनी मोठी प्रश्नोत्तरी तयार केली. या आज्ञेखाली येणाऱ्या पापांची त्यांनी दिलेली यादी दम लागेल इतकी लांब आहे, आणि तिच्यात एक कलम असं: अवेळी खरं बोलणं, किंवा वाईट हेतूने खरं बोलणं. म्हणजे बोललेलं अक्षर न् अक्षर खरं असूनही खोट्या साक्षीची आज्ञा मोडता येते. कॅथलिक शिकवणीतही हा मुद्दा स्पष्ट आहे. एखाद्यावर खोटा आळ घेणं हे एक पाप. आणि त्याचा खरा दोष, काही सबळ कारण नसताना, ज्यांना तो ठाऊक नव्हता त्यांना सांगणं हे वेगळं पाप.

"मी काय खोटं बोलले? झालं तेच सांगितलं" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! या शिकवणीपुढे ते टिकत नाही. झालं ते खरं, पण ते यांना सांगायचं काय कारण होतं, हा प्रश्न उरतोच. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, तर याला एक खास सोवळं रूप मिळालेलं असतं: "तुम्ही प्रार्थना करावी म्हणून सांगते हं, बाहेर बोलू नका, पण त्यांच्या मुलाचं..." पुढचं सगळं खरं असतं, आवाज हळू असतो, चेहरा गंभीर असतो, आणि प्रार्थना बहुधा होत नाही.

होय तर होय

आता प्रभू येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाकडे येऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, 5व्या अध्यायात तो म्हणतो: शपथ वाहूच नका, आकाशाची नको, पृथ्वीची नको, यरुशलेमेची नको, स्वतःच्या डोक्याचीही नको, कारण एक केसही तुम्ही पांढरा किंवा काळा करू शकत नाही. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं.

शपथेला एवढा विरोध का? त्याचं उत्तर 23व्या अध्यायात सापडतं. त्या काळी काही धर्मशिक्षकांनी शपथांची उतरंड लावली होती. मंदिराची शपथ घेतली तर ती बांधील नाही, मंदिरातल्या सोन्याची घेतली तर बांधील. वेदीची चालेल मोडली तरी, वेदीवरच्या अर्पणाची मोडता येणार नाही. आजच्या भाषेत बोलायचं तर करारातल्या बारीक अक्षरांतल्या अटी. ऐकणाऱ्याला वाटावं की याने शब्द दिला, आणि बोलणाऱ्याने मागचं दार उघडं ठेवलेलं असावं. येशूचा घाव बसतो तो या पळवाटेवर. शपथ घेऊन बोललेलं तेवढं खरं, असं ठरलं की शपथेविना बोललेल्याला आपोआप सूट मिळते. ती सूटच तो काढून घेतो.

आपण देवाशपथ म्हणत नसू, पण "खरं सांगू का", "अगदी मनापासून सांगतो", "तुझ्याशी खोटं कशाला बोलू" हे काय आहे? यांना कोणी पाप म्हणावं असं मला वाटत नाही. मात्र एखाद्याच्या तोंडी ही शब्दावली वारंवार यायला लागली की ऐकणारा सावध होतो, आणि त्याचं चुकतही नाही.

याच शुभवर्तमानात पुढे येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट आहे. येशूला धरून नेलंय, पेत्र अंगणात बसलाय. एक दासी म्हणते, तूही त्याच्याबरोबर होतास. पेत्र आधी नुसतं नाकारतो: तू काय म्हणतेस ते मला कळत नाही. दुसऱ्या वेळी तो शपथ घेऊन नाकारतो. तिसऱ्या वेळी स्वतःला शाप देत, शपथा वाहत. डोंगरावरचं ते प्रवचन ऐकलेला शिष्य पकडला जाण्याच्या भीतीने पायरी पायरीने तिथेच उतरतो. खोटं जितकं कमजोर तितकी शपथ मोठी, हे मत्तयाने कुठलंही भाष्य न करता दाखवलं आहे.

शपथबंदी शब्दशः घ्यायची की नाही, यावर मंडळ्यांचं एकमत नाही. बहुतेक मंडळ्या न्यायालयातली शपथ चालते असं मानतात. महायाजकाने, म्हणजे यहुद्यांच्या मुख्य धर्मगुरूने, शपथ घालून विचारल्यावर येशूनेही उत्तर दिलं होतं, असा दाखला त्या देतात. पण 1527 साली श्लाइटहाइम इथे जमलेल्या, बाप्तिस्मा मोठेपणीच घ्यावा असं मानणाऱ्या अ‍ॅनाबाप्टिस्टांनी शपथ पूर्णपणे नाकारली. पुढच्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तेच केलं आणि त्यापायी तुरुंगवास सोसला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कोर्टात शपथ घेतली म्हणजे कोर्टाबाहेर मी कमी खरं बोलतो असं कबूल केल्यासारखं होतं. शेवटी 1696च्या सुमारास इंग्लंडच्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञेवर बोलण्याची मुभा दिली. आज अनेक देशांतल्या न्यायालयांत शपथ किंवा प्रतिज्ञा असा पर्याय असतो, त्यामागे या हट्टी लोकांचा मोठा वाटा आहे.

याच क्वेकरांनी व्यापारातही घासाघीस सोडली. वस्तूची जी किंमत घ्यायची तीच पहिल्यांदा सांगायची, कारण दुप्पट सांगून अर्ध्यावर येणं म्हणजे पहिलं वाक्य खोटं. हे टोकाचं वाटतं खरं. पण बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात गिऱ्हाइकाचं एक चित्र आहे: घेताना "वाईट आहे, वाईट आहे" म्हणतो आणि घेऊन गेला की फुशारकी मारतो. तीन हजार वर्षांपूर्वीचं म्हणा हवं तर, पण ते गिऱ्हाईक आपण आरशात पाहिलेलं आहे.

रोजचं किरकोळ खोटं

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने खोट्याचे तीन प्रकार केले: कोणाचं नुकसान करणारं, कोणाच्या उपयोगी पडावं म्हणून बोललेलं, आणि गमतीचं. पहिलं सर्वांत वाईट, बाकीची दोन हलकी. पण तिन्ही खोटीच, असं त्याचं मत. आपल्या दिवसभरातल्या थापा बहुतेक दुसऱ्या खात्यात टाकायला आपण उत्सुक असतो. कोणाला दुखवायचं नव्हतं म्हणून बोललो, असं म्हणायचं.

एक साधा प्रसंग जवळून पाहा. सहकारी विचारतो, "काल पाठवलेला मसुदा वाचलास का?" मी उघडलेलाही नाही. तोंडातून जातं, "हो, बघितला वरवर." आता तो म्हणतो, "दुसऱ्या भागाचं काय वाटलं?" मी म्हणतो, "चांगला आहे, थोडा लांबलाय." दुसरा भाग लांब आहे की आखूड, मला माहीत नाही. पण बहुतेक मसुदे लांबलेलेच असतात, या भरवशावर मी ठोकून दिलं. तो माणूस जागेवर जाऊन दुसरा भाग कापायला बसतो. त्याची संध्याकाळ गेली. त्याचं मन राखायला मी हे बोललो का? मुळीच नाही. न वाचल्याची लाज मला नको होती.

दिवसभरातलं किरकोळ खोटं घेऊन त्याला एकच प्रश्न विचारावा: हे बोलून मी कोणाला वाचवलं? दहातल्या बऱ्याच वेळा उत्तर "स्वतःला" असंच येतं, आणि शेजाऱ्याचं नाव त्यावर फक्त चिकटवलेलं असतं. "त्यांना वाईट वाटलं असतं" याचा अर्थ अनेकदा "त्यांना वाईट वाटलेलं मला बघावं लागलं असतं" इतकाच असतो. प्रेषित पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना लबाडी सोडून शेजाऱ्याबरोबर खरं बोला म्हणतो आणि कारण देतो ते असं: आपण एकमेकांचे अवयव आहोत. डोळ्याने पायाला खड्डा नाही म्हणून सांगितलं तर पडायचं दोघांनाही आहे.

नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातली हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट लोकांना अतिकठोर वाटते. जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले, बाकीचे प्रेषितांच्या पायाशी आणले, आणि दोघेही कोसळून मेले. पण पेत्र काय म्हणतो ते बघा: जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे पैसे ठेवल्याचा दोष नाहीच. थोडे ठेवून सगळे दिले असं भासवलं, हा दोष. औदार्याची किंमत न मोजता औदार्याचं नाव त्यांना हवं होतं. ख्रिस्ती मंडळीतलं सर्वांत धोक्याचं खोटं याच जातीचं असतं असं मला वाटतं, आणि ते बाजारापेक्षा उपासनेच्या आसपास जास्त आढळतं.

उदाहरणं शोधायला लांब जायला नको. "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतोय" हे निरोपाच्या शेवटी सवयीने टाकलेलं वाक्य. चर्चमध्ये आपल्या अनुभवाची साक्ष देताना दर खेपेला थोडा अधिक गंभीर होत जाणारा आजार आणि थोडं अधिक अचानक होत जाणारं बरं होणं. नको असलेल्या कामाला "प्रभूची इच्छा असेल तर बघू" असं दिलेलं उत्तर, ज्यात प्रभूला कोणी विचारलेलंच नसतं. आणि "देवाने मला सांगितलं" असं म्हणून स्वतःच्या मताला लावलेलं कुलूप, म्हणजे पुढे कोणी वाद घालायला नको. प्रार्थनेच्या बाबतीत एक सोपा उपाय पुष्कळ जण करतात: म्हणायच्या ऐवजी तिथेच, फोनवर असाल तर फोनवर, दोन वाक्यांची प्रार्थना करून टाकायची. नाही तर सरळ म्हणायचं की ऐकून वाईट वाटलं. तेही पुरतं.

दारातला मारेकरी

या विषयावर चर्चा निघाली की पाच मिनिटांत कोणी तरी विचारतं: मारेकरी दारात आला आणि घरात लपलेल्याचा पत्ता विचारू लागला, तर? प्रश्न खोटा नाही. इजिप्तमध्ये फारो राजाने इब्री, म्हणजे इस्राएली लोकांचे, मुलगे जन्मतःच मारायला सांगितले, तेव्हा शिप्रा आणि पुवा या सुइणींनी ते केलं नाही. इब्री बायका आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात असं त्यांनी राजाला सांगितलं, आणि देवाने त्यांचं भलं केलं. यरीहो शहरातल्या राहाबेने इस्राएली हेर छपरावर लपवले आणि शिपायांना चुकीच्या वाटेला लावलं. नव्या करारात तिचं नाव विश्वासाच्या उदाहरणांत घेतलं आहे.

ऑगस्टीन या जुन्या काळच्या बिशपाने या प्रश्नावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, एक 395च्या सुमारास आणि दुसरा 420च्या सुमारास. त्याचं मत ठाम: कुठलंही खोटं कधीच योग्य नाही. सुइणींना आणि राहाबेला बक्षीस मिळालं ते त्यांच्या दयेचं, थापेचं नव्हे. मनात एक आणि ओठांवर दुसरं ठेवून फसवायचं, हे त्याच्या लेखी खोट्याचं मूळ. तो फर्मस नावाच्या एका बिशपाची गोष्ट सांगतो. त्याने एका माणसाला आसरा दिला होता. सम्राटाची माणसं विचारायला आली तेव्हा तो म्हणाला, मी खोटं बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही. छळ झाला, तो बधला नाही. शेवटी सम्राटासमोर नेलं तेव्हा त्याचा निर्धार पाहून त्या लपलेल्या माणसाला माफी मिळाली. ऑगस्टीनला दाखवायचं होतं की खोटं आणि विश्वासघात यांच्या मधे तिसरी वाट असते. असते खरी, फक्त तिच्यावर चालणाऱ्याला मार खावा लागतो.

दुसरी बाजू मांडणारेही कमी नाहीत. सत्य ऐकायचा ज्याला हक्कच नाही, त्याच्यापुढे ते ठेवायला मी बांधील नाही, असा त्यांचा युक्तिवाद. 1992 साली कॅथलिक चर्चची नवी प्रश्नोत्तरी निघाली, तेव्हा खोट्याची व्याख्या करताना "ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे त्याला चुकीच्या समजुतीत पाडणं" असे शब्द होते. 1997च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत हक्काचा तो तुकडा गाळला गेला. मात्र ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याला ते उघड करायला कोणी बांधील नाही, हे वाक्य त्याच ग्रंथात पुढे कायम राहिलं. मोठ्या मंडळीलाही हा प्रश्न किती जड गेला, ते यावरून दिसतं.

जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याला नाझी राजवटीने एप्रिल 1943 मध्ये अटक केली. तुरुंगात असताना त्याने खरं बोलणं म्हणजे काय यावर एक निबंध लिहायला घेतला; तो अपुराच राहिला. त्यातलं एक उदाहरण फार बोलकं आहे. शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतो, तुझे वडील दारू पिऊन घरी येतात का रे? येतात. पण मुलगा नाही म्हणतो. बोनहोफर म्हणतो की याला खोटं म्हणता येईल, तरी त्याचा दोष सगळा शिक्षकाकडे जातो. घरातली गोष्ट चव्हाट्यावर ओढायचा त्याला अधिकार नव्हता. आणि ते चतुराईने टाळायचं कसं, हे त्या पोराला अजून येत नव्हतं. ज्याच्यावर सत्ता उलथवण्याच्या कटात असल्याचा आरोप येणार होता, चौकशीत ज्याच्या एका शब्दावर इतरांचे जीव होते, तो माणूस हे लिहीत होता. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिलं.

माझं वैयक्तिक मत बोनहोफरच्या बाजूला झुकतं. पण मारेकऱ्याचा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला थोडा संशयही येतो. आपल्या दारात मारेकरी येत नाही. येतो तो वर्गणी मागणारा, उसने दिलेले परत मागणारा, किंवा "का आला नाहीत?" विचारणारा. राहाबेच्या पुण्याईवर आपण त्यांना वाटेला लावतो.

न बोलणं आणि अर्धवट बोलणं

सत्य सांगायला बांधील नाही म्हणजे गप्प बसायची मोकळीक आहे. येशूला धरल्यावर हेरोद राजापुढे नेलं, तिथे तो एक शब्दही बोलला नाही. शिष्यांनाही तो म्हणाला, मला अजून पुष्कळ सांगायचं आहे, पण आताच तुम्हाला ते सोसवणार नाही. सगळं सगळ्यांना लगेच सांगणं हे प्रामाणिकपणाचं माप कधीच नव्हतं. "ते मी सांगू शकत नाही", "त्यांनाच विचारा", "मला त्यावर बोलायचं नाही" ही पूर्ण प्रामाणिक उत्तरं आहेत. आपल्याला ती उद्धट वाटतात म्हणून आपण त्याऐवजी थाप निवडतो, हा आपला प्रश्न.

अर्धसत्याचं तसं नाही. अब्राहाम जिवाच्या भीतीने सारेला "ही माझी बहीण" म्हणाला. ती त्याची सावत्र बहीण होतीच, पण बायकोही होती आणि लपवायचं नेमकं तेवढंच होतं. नरो वा कुंजरो वा म्हणजे शब्द खरे आणि डाव खोटा. परिणामी परक्या राजाने तिला नेलं, संकट त्याच्या घरावर आलं, आणि त्या राजाने अब्राहामालाच फैलावर घेतलं. सोळाव्या-सतराव्या शतकांत काही कॅथलिक धर्मपंडितांनी वाक्य अर्धं उघड बोलायचं आणि उरलेलं मनात पुरं करायचं, असा मार्ग सुचवला होता: "मी ते केलं नाही" मोठ्याने, आणि "काल" मनातल्या मनात. त्यावर सडकून टीका झाली आणि 1679 साली पोप इनोसंट अकरावे यांनी तो नाकारला. ऐकणाऱ्याला जे ऐकूच येत नाही त्याने वाक्य खरं होत नाही, ही साधी गोष्ट ठरवायला एवढा काळ लागला.

सर्वांत अवघड जागा आजाऱ्याच्या उशाशी असते. रिपोर्ट आलाय, घरच्यांना कळलंय, त्याला सांगायचं नाही असं ठरलंय. ऑगस्टीननेही असाच प्रसंग घेतला आहे: माणूस अत्यवस्थ आहे, त्याचा मुलगा वारलाय, आणि तो विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? एरवी कठोर असलेला ऑगस्टीन इथे कबूल करतो की हे उदाहरण मनाला हलवून सोडतं; तरी त्याचं उत्तर बदलत नाही. मी त्याच्याइतका ठाम नाही. पण एक पाहावं. घरचे "काही नाही, बरे व्हाल" म्हणत राहतात तेव्हा आजारी माणूस बहुधा चेहऱ्यांवरून ताडतो. मग तोही त्यांच्यासाठी ठीक असल्याचं नाटक करतो. निरोप घ्यायचे, मागायची असलेली क्षमा मागायची, कागदपत्रं मार्गी लावायची, ते दिवस दोन्हीकडच्या नाटकात जातात. म्हणून पाळक आणि रुग्णसेवेतले लोक अनेकदा असा मार्ग धरतात: स्वतःहून सगळं ओतायचं नाही, पण त्याने विचारलं तर खोटं सांगायचं नाही. आधी विचारायचं, "तुम्हाला काय वाटतंय?" आणि तो जितकं पेलतोय तितकं सांगायचं. त्याच्या हातात सूत्रं राहतात.

तोंडावर बोलणारे

काही जण अभिमानाने सांगतात, "मी बाबा तोंडावर बोलतो, मागून बोलणं मला जमत नाही." यातला पहिला भाग सहसा खरा असतो. पौलाने "प्रेमाने सत्य बोला" म्हटलं आणि या मंडळींनी अर्धं उचललं. नीतिसूत्रांत तर एक गमतीची ओळ आहे: जो पहाटे उठून मोठ्याने मित्राला आशीर्वाद देतो, त्याचा आशीर्वाद शापच समजला जाईल. आशीर्वाद खरा आहे, हेतू चांगला आहे, वेळ चुकली. दुसरीकडे, शेजाऱ्याला फसवून "मी गंमत केली" म्हणणाऱ्याला तिथेच आगीचे कोलीत फेकणाऱ्या वेड्याची जोड दिली आहे.

आपल्या ओळखीचं सुभाषित अप्रिय सत्य बोलू नये असं सांगतं. ख्रिस्ती शिकवण इथे थोडी वेगळी वाट धरते. मित्राने केलेले घाव विश्वासाचे, असं नीतिसूत्रे म्हणतात. म्हणजे अप्रिय सत्य कधीकधी बोलावंच लागतं. प्रश्न कसं बोलायचं हा आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा राजाने बथशेबेला नेलं होतं आणि तिच्या नवऱ्याला युद्धात मारवलं होतं. नाथान आरोपाने सुरुवात करत नाही. एका गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने कशी नेली, ते सांगतो. दावीद संतापून निकाल देतो, आणि मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. राजाचा स्वतःचा न्याय जागा व्हायला त्याने जागा ठेवली. शिवाय तो हे राजाला सांगायला राजाकडेच गेला, दरबारात कुजबुजला नाही.

मित्राने लिहिलेलं, गायलेलं, रंगवलेलं काही दाखवलं आणि ते आवडलं नाही, तर यातून काय घ्यायचं? मुळात त्याने मत विचारलंय की दाखवायचा आनंद वाटतोय, ते पाहावं. आनंद वाटत असेल तर त्याच्या मेहनतीविषयी जे खरं आहे ते बोलावं. बहुतेक कामात तसं एक तरी सापडतं. मत विचारलं असेल, आणि तो पुढे ते लोकांसमोर ठेवणार असेल, तर "फारच छान" म्हणून त्याला पुढे ढकलणं ही खोटी साक्षच झाली.

बेत बदलणं मात्र खोट्यात मोजू नये. पौल करिंथला येतो म्हणाला आणि आला नाही, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला धरसोड्या ठरवलं. तो पत्रात उत्तर देतो: मी हलकेपणाने बोललो नव्हतो, तुमची गय करावी म्हणून आलो नाही. शब्द देताना तो पाळायचा मानस होता की नाही, ही कसोटी. बदलल्यावर कळवलं की नाही, ही दुसरी. आणि लोक जास्त चिडतात ते दुसरीवर.

बोलून गेल्यावर

एवढं सगळं वाचूनही उद्या सकाळी कोणी तरी विचारेल, "माझा मेल पाहिलास?" आणि तोंडातून "हो" जाईल. जीभ विचाराच्या पुढे धावते, हे याकोबाने पत्रात सविस्तर लिहून ठेवलं आहे. एकमेकांजवळ पापं कबूल करा, असंही तोच लिहितो, आणि ते फक्त मोठ्या पापांसाठी आहे असं कुठे म्हणत नाही. म्हणून जमल्यास त्याच संभाषणात मागे यावं: "थांब, पाहिला नाही मी अजून. उगाच हो म्हणालो. दुपारपर्यंत बघतो." पहिल्यांदा हे म्हणताना कान तापतात. समोरचा बहुधा हसतो आणि विषय पुढे जातो.

मात्र जुनं खोटं उकरून कबूल करायला जाताना परत शेजाऱ्याचाच विचार करावा लागतो. दहा वर्षांपूर्वी मारलेली थाप आज सांगून माझं मन हलकं होईल, पण त्यात तिसऱ्याच कोणाचं गुपित फुटणार असेल, किंवा ऐकणाऱ्याच्या माथ्यावर त्याला न पेलणारं ओझं पडणार असेल, तर आधी पाळकाशी किंवा कॅथलिक असाल तर फादरशी, जे ऐकलेलं बाहेर सांगणार नाहीत अशांशी, बोलून घ्यावं. पैशाचं किंवा कोणाच्या नावाचं नुकसान झालं असेल तर ते भरून देणं तरीही उरतं. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायचं ठरवलं होतं. बदनामीचं चौपट कसं मोजायचं ते ज्याचं त्याने, ज्यांच्या कानी ती घातली त्यांच्यापासून सुरुवात करून पाहावं.